कर्करोगाची घुसखोरी आणि ऊतींची पुनर्बांधणी करणारी विकरे

प्रश्न थोडक्यात असा आहे. निकटच्या नात्यातील एका स्त्रीच्या स्तनातील गाठीच्या अहवालात ‘डक्टल कार्सिनोमा इन सिटू’ आणि ‘इन्व्हेजिव्ह कार्सिनोमा’ असे दोन्ही उल्लेख आले आहेत. त्यानंतर केलेल्या वाचनात प्रश्नकर्त्याला असे आढळले, की कर्करोगाच्या पेशी मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज (थोडक्यात एमएमपी) नावाची विकरे (एन्झाइम) सोडून भोवतालची ऊती विरघळवतात आणि त्यातून पुढे सरकतात. तसे असेल तर ही विकरे बंद पाडणारे औषध का दिले जात नाही, आणि डॉक्सीसायक्लिन हे जुने प्रतिजैविक या विकरांना रोखते असे म्हणतात, तर ते आपणहून सुरू करावे का, असे दोन प्रश्न आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर नको: डॉक्सीसायक्लिन आपणहून सुरू करू नये. कारणे शेवटी दिली आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र लांब आहे. अशी औषधे तयार झाली होती, ती अनेक प्रकारच्या कर्करोगांत मोठ्या चाचण्यांत तपासली गेली, आणि ती अपयशी ठरली. ती का अपयशी ठरली हे समजून घेतल्याशिवाय या विकरांचे खरे काम कळत नाही, आणि माझ्या मते या गोंधळाचे मूळ ‘विरघळवतात’ या एका शब्दात आहे. माझा रोजचा वेळ गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात जातो, आणि त्यापूर्वीची काही वर्षे याच विकरांवर प्रयोगशाळेत काम करण्यात गेली आहेत. त्यामुळे सुरुवात काचपट्टीवर प्रत्यक्ष काय दिसते इथपासून करतो.

निरोगी स्तनातील दुग्धवाहिनीचा आडवा छेद घेतला तर पेशींचे दोन थर दिसतात. आतल्या बाजूला वाहिनीचे अस्तर असते आणि त्याबाहेर आकुंचन पावू शकणाऱ्या मायोएपिथेलियल पेशींचे कडे असते. या कड्याच्या बाहेर आधारपटल, म्हणजे ज्याला डॉक्टर बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात ते, असते. लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारचे कोलॅजेन या प्रथिनांची दोन जाळी एकमेकांत गुंतवून हे पटल विणलेले असते आणि त्याची जाडी एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. ‘इन सिटू’ अवस्थेत वाहिनी कर्करोगाच्या पेशींनी फुगून गच्च भरते, परंतु हे कडे आणि पटल टिकून राहतात. पी-६३ या प्रथिनासाठी काप रंगवला की मायोएपिथेलियल पेशींची केंद्रके तपकिरी होतात, आणि फुगलेल्या वाहिनीच्या काठाने ओवलेल्या मण्यांसारखी एकामागून एक दिसतात. मग काप सरकवत नेताना एखाद्या ठिकाणी मणी विरळ होतात, पुढे दिसेनासे होतात, आणि त्या फटीतून पेशींचा एक बारीक पट्टा बोटासारखा बाहेरच्या संयोजी ऊतीत उतरलेला आढळतो. अहवालातील ‘इन्व्हेजिव्ह’ हा शब्द या जागेवरून येतो.

या फटीचे वैद्यकीय महत्त्व फार मोठे आहे. वाहिनीच्या आत ना रक्तवाहिन्या असतात ना लसिकावाहिन्या, त्यामुळे पटलाच्या आत अडकलेल्या पेशींना दूरच्या अवयवांपर्यंत जाण्याचा मार्गच नसतो. पटल ओलांडले की तो मार्ग खुला होतो. गाठीचा टप्पा ठरवताना दोन्ही भाग असले तरी आकार मोजायचा तो फक्त बाहेर शिरलेल्या भागाचा, आणि तो १ मिलिमीटर किंवा त्याहून लहान असेल तर त्याला सूक्ष्म-आक्रमण म्हणून वेगळे नोंदवायचे, हा नियम त्यावरूनच आला आहे.

फटीच्या भोवतालची ऊतीही पाहण्यासारखी असते. ‘विरघळवणे’ एवढेच घडत असते तर तिथे पोकळी किंवा झिजलेला भाग दिसायला हवा होता. प्रत्यक्षात तिथे भरपूर कोलॅजेन दिसते, आणि तेही नव्याने घातलेले. फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजेन बनवणाऱ्या, पेशी फुगलेल्या आणि कामात गुंतलेल्या दिसतात, पांढऱ्या पेशी जमलेल्या असतात, आणि कित्येकदा ती जागा भरून येत असलेल्या जखमेसारखी वाटते. हातालाही गाठ मऊ लागत नाही, कठीण लागते. थोडक्यात, तिथे तोडणे आणि बांधणे एकाच वेळी चालू असते. म्हणून मी या विकरांना ऊतींची पुनर्बांधणी करणारी विकरे म्हणतो, आणि पुढचे सारे विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

या विकरांचा शोध कर्करोगाच्या अभ्यासातून लागलेला नाही. १९६२ साली जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी बेडकाच्या पिल्लाचे शेपूट रूपांतराच्या वेळी कसे नाहीसे होते याचा शोध घेतला. शेपटीच्या ऊतीचे जिवंत तुकडे त्यांनी कोलॅजेनच्या थरावर ठेवले, आणि तुकड्यांतून सुटलेल्या विकराने भोवतीचा थर विरत गेला. जठरातील पेप्सिनलादेखील कोलॅजेनचा मुख्य भाग तोडता येत नाही, मग शरीराच्या नेहमीच्या तापमानाला आणि आम्लतेला ते तुटते कसे, या जुन्या कोड्याचे ते उत्तर होते. पुढे अशी विकरे सर्वत्र सापडू लागली: हाडाच्या वाढीत, जखम भरण्यात, मासिक पाळीत गर्भाशयाचे अस्तर सुटण्यात, गर्भाच्या वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत रुजण्यात. कर्करोग यातले काहीही नव्याने शोधत नाही. शरीराने वाढीसाठी आणि दुरुस्तीसाठी ठेवलेली अवजारेच तो वापरतो, आणि त्यांना अडवणे कठीण जाते तेही त्यामुळेच.

माणसात या कुटुंबाची तेवीस विकरे आहेत. सर्वांच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू असतो आणि तोडण्याचे रासायनिक काम त्याच्या मदतीने होते. एमएमपी-१, ८ आणि १३ ही कोलॅजिनेज आहेत, २ आणि ९ ही जिलॅटिनेज, ३ आणि १० ही स्ट्रोमेलायसिन, आणि काही पेशीच्या आवरणातच रोवलेली असतात, ज्यांपैकी एमएमपी-१४ सर्वांत महत्त्वाचे आहे. कोलॅजेन तोडण्याची रीत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. कोलॅजेनचा रेणू हा तीन पेडांचा पिळलेला दोर असतो, सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड. विकराची कातरण्याची खाच इतकी अरुंद असते की त्यात एका वेळी एकच पेड मावतो. त्यामुळे विकर आधी दोराला बाजूने पकडते, ठराविक जागेवरचा पीळ सैल करते आणि मग एकेक पेड कापते. ही जागा एका टोकापासून तीन चतुर्थांश अंतरावर असते. एकदा तिथे काप गेला की उरलेले तुकडे शरीराच्या उष्णतेनेच उलगडतात आणि त्यांचे जिलॅटिन होते, आणि मग जिलॅटिनेज विकरे त्याचे बारीक तुकडे करतात.

इतकी समर्थ अवजारे शरीर मोकळी सोडत नाही. प्रत्येक विकर निष्क्रिय रूपात तयार होते, आणि त्याच्या टोकाचा एक भाग जस्ताच्या अणूवर म्यानासारखा बसलेला असतो. त्या भागातील सिस्टीन या अमिनो आम्लाने जस्त धरून ठेवलेले असते, आणि ती पकड सुटली तरच विकर जागे होते. ही ‘सिस्टीन स्विच’ची कल्पना १९९० साली मांडली गेली आणि ती टिकली आहे. त्यावर दुसरा पहारा टिम्प नावाच्या चार प्रथिनांचा असतो, जी जाग्या विकराच्या खाचेत बसून त्याला थोपवतात.

इथपर्यंत चित्र सरळ वाटते: एक तोडणारा आणि एक रोखणारा. पण टिम्प-२ ने हे चित्र मोडून टाकले. एमएमपी-२ जागे होण्यासाठी पेशीच्या आवरणावर एमएमपी-१४ चे दोन रेणू शेजारी असावे लागतात. टिम्प-२ त्यांपैकी एकाला अडवतो आणि त्याच वेळी आपल्या दुसऱ्या टोकाने झोपलेल्या एमएमपी-२ ला धरून ठेवतो. शेजारचा मोकळा एमएमपी-१४ मग त्याचे म्यान कापतो. म्हणजे रोखणारा म्हणून ओळखलेला टिम्प-२ थोड्या प्रमाणात असेल तर तोच विकर जागे करण्यास लागतो, आणि भरपूर असेल तर दोन्ही एमएमपी-१४ अडवून सर्व थांबवतो. विद्यार्थ्यांना हे शिकवताना मी नेहमी सांगतो, की गाठीत टिम्प-२ सापडले एवढ्यावरून काहीही ठरवू नका. किती आहे, कुणाच्या शेजारी आहे आणि पेशीच्या कोणत्या कडेला आहे, हे कळल्याशिवाय त्या नोंदीला अर्थ नसतो.

कर्करोगाशी संबंध ठळक झाला तो १९८० साली, जेव्हा लान्स लिओटा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की उंदरांतील ज्या गाठी जास्त पसरतात त्यांच्या पेशी आधारपटलातील चौथ्या प्रकारचे कोलॅजेन जास्त तोडतात. त्यानंतर बरीच वर्षे सर्वांनी असे गृहीत धरले होते, की हे विकर कर्करोगाची पेशी स्वतः बनवते. १९९० साली स्ट्रासबर्ग येथील पिएर शांबों यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगात स्ट्रोमेलायसिन-३, म्हणजे आजचे एमएमपी-११, शोधले, आणि ते गाठीच्या पेशींत नव्हे तर त्यांना वेढून असलेल्या फायब्रोब्लास्टमध्ये तयार होत असल्याचे दिसले. पुढे ही बाब वारंवार आढळली. गाठीतील बरीचशी विकरे रुग्णाच्या स्वतःच्या, जनुकीयदृष्ट्या धड असलेल्या पेशी पुरवतात: फायब्रोब्लास्ट, आणि मॅक्रोफेज व न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी. न्यूट्रोफिल तर एमएमपी-९ आपल्या कणिकांत तयार साठवून ठेवतो, आणि सोबत टिम्प-१ चा पहाराही नसतो. कर्करोगाची पेशी निरोप पाठवते आणि भोवतालच्या पेशी, जखम भरायची आहे अशा समजुतीने, काम सुरू करतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका सुंदर प्रयोगात असे दिसले, की फायब्रोब्लास्ट पुढे राहून कोलॅजेनमध्ये बोगदे करतात आणि कर्करोगाच्या पेशी त्यांच्या मागोमाग रांगेने जातात.

अर्थात कर्करोगाच्या पेशी नुसत्या मागे चालतात असेही नाही. आधारपटलाशी भिडताना त्या इन्व्हेडोपोडिया नावाची बारीक, टोकदार अंगे बाहेर काढतात. आतून अॅक्टिन या पेशीच्या सांगाड्यातील प्रथिनाचे तंतू ढकलत असतात आणि टोकावर एमएमपी-१४ आणून बसवलेले असते. १९९४ साली हे विकर सापडले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले, की पेशी आपली कात्री स्रवून इतस्ततः सांडत नाही, तर हव्या त्या टोकाला बांधून ठेवते. पटलाला एक छिद्र पुरते, आणि सारे पटल विरघळवणे पेशीच्या सोयीचेही नाही. पकड घ्यायला काही उरलेच नाही तर पुढे ओढून घेता येणार नाही.

छिद्रही किती मोठे हवे, हे पेशीच्या केंद्रकावर ठरते. पेशीचा बाकीचा भाग पाण्यासारखा लवचिक आहे आणि अगदी लहान फटीतून जाऊ शकतो, पण केंद्रक आवळले तरी एका मर्यादेपलीकडे आवळत नाही. विकरे पूर्ण बंद केलेल्या अवस्थेत कोलॅजेनच्या जाळीतील छिद्र केंद्रकाच्या मूळ छेदाच्या साधारण दहाव्या हिश्शाहून लहान झाले, की पेशी जागच्या जागी अडकते, असे मोजमाप २०१३ साली प्रसिद्ध झाले. विकरे चालू असतील तर हीच पेशी तंतू कापून आपल्यापुरती जागा करते. जाळी आधीच सैल असेल तर तिला विकरांची गरजच भासत नाही. हा मुद्दा पुढे औषधांच्या अपयशात पुन्हा येणार आहे.

माझ्या दृष्टीने सर्वांत कमी सांगितली जाणारी बाब ही, की या कात्र्या दोर कापतात त्याहून अधिक निरोप मोकळे करतात. पेशींभोवतालच्या जाळ्यात अनेक वृद्धिघटक बांधून, निष्क्रिय करून ठेवलेले असतात. २००० साली उंदरांतील स्वादुपिंडाच्या गाठींवर झालेल्या अभ्यासात असे आढळले, की एमएमपी-९ जाळ्यात अडकलेला व्हीईजीएफ हा रक्तवाहिन्या वाढवणारा घटक मोकळा करते आणि गाठीला नवीन रक्तवाहिन्या फुटू लागतात. टीजीएफ-बीटा हा वृद्धिघटकही अशाच रीतीने मोकळा होतो. पेशींना एकमेकांशी जखडून ठेवणाऱ्या ई-कॅडहेरिनचा बाहेरचा भाग एमएमपी-३ आणि एमएमपी-७ कापतात, आणि पेशी सुट्या होतात. स्तनाच्या पेशींना प्रयोगशाळेत एमएमपी-३ च्या सान्निध्यात ठेवले तर त्यांचा स्वभावच पालटतो: घट्ट रांगेत बसणाऱ्या पेशी लांबट होऊन भटकू लागतात. इथे काहीही ‘विरघळलेले’ नाही. एक निरोप सुटला आणि पेशीने ऐकला, इतकेच झाले.

आता बांधणीची बाजू. लायसिल ऑक्सिडेज हे तांब्यावर चालणारे विकर कोलॅजेनच्या शेजारच्या तंतूंना एकमेकांशी टाके घालते. गाठीत त्याचे प्रमाण वाढते, विशेषतः प्राणवायू कमी असलेल्या भागात, आणि ऊती ताठ होते. २००९ साली उंदरांवर झालेल्या कामात हे टाके कमी केले तर स्तनातील गाठींचे आक्रमण मंदावले, कारण ताठ झालेली ऊती पेशीला तंतूंशी जोडणाऱ्या इंटिग्रिन ग्राहींना ओढ लावते आणि त्या ओढीतून पेशीला वाढीचा व हालचालीचा संदेश मिळतो. काचपट्टीवर याची खूण दिसते. सुरुवातीला गाठीला वळसा घालून गेलेले कोलॅजेनचे तंतू पुढे सरळ होतात आणि गाठीच्या कडेशी काटकोनात उभे राहतात, आणि पेशी त्या तंतूंच्या दिशेने ओळीने गेलेल्या असतात. तंतूंची अशी रचना असलेल्या स्तनाच्या गाठींचे भवितव्य तुलनेने वाईट असते, हेही रुग्णांच्या अभ्यासांत दिसले आहे.

मेटॅलोप्रोटिनेज सोडून इतर कुटुंबेही यात आहेत, जसे कॅथेप्सिन, हेपॅरानेज आणि यूपीए-प्लास्मिन ही प्रथिने तोडणाऱ्या विकरांची साखळी. त्यांपैकी यूपीए आणि त्याचा रोधक पीएआय-१ यांचे गाठीतील मोजमाप, काखेतील ग्रंथी निरोगी असलेल्या स्तनाच्या कर्करोगात, केमोथेरपीची गरज ठरवण्यास खरोखर उपयोगी ठरले होते. त्यासाठी ताजी किंवा गोठवलेली ऊती लागत असल्याने ते सर्वत्र रुळले नाही. गंमत नव्हे तर अभ्यासाचा भाग म्हणून नोंदवतो, की इथेही रोधक जास्त असणे हे चांगले लक्षण नसून वाईट लक्षण आहे.

आता औषधांकडे येऊ. बॅटिमास्टॅट हे पहिले, पण ते विरघळत नसल्याने तोंडाने देता येत नव्हते. त्यानंतर मॅरिमास्टॅट गोळीच्या रूपात आले, आणि पाठोपाठ प्रिनोमास्टॅट व टॅनोमास्टॅट. कल्पना सुबक होती. विकराच्या खाचेत बसेल अशा आकाराचा रेणू घ्यायचा आणि त्याला जस्त पकडणारा चिमटा जोडायचा. उंदरांत परिणाम उत्साहवर्धक होते. रुग्णांत मात्र स्वादुपिंडाच्या कर्करोगात मॅरिमास्टॅट हे जेमसिटाबिन या केमोथेरपीच्या औषधाहून सरस ठरले नाही. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगात टॅनोमास्टॅट घेणाऱ्यांची स्थिती निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा वाईट झाली आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. प्रश्नाशी थेट संबंध असलेली चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. पसरलेला स्तनाचा कर्करोग केमोथेरपीने आटोक्यात आलेल्या स्त्रियांना पुढे मॅरिमास्टॅट दिले, तरी रोग पुन्हा वाढण्याचा काळ लांबला नाही. सांधे आणि स्नायू मात्र दुखू लागले. खांदे आखडणे, हात ताठरणे हा या औषधांचा ठरलेला त्रास होता, आणि औषध थांबवले की तो ओसरत असे. ज्यांना हा त्रास अधिक झाला, म्हणजे ज्यांच्या शरीरात औषधाने जास्त काम केले असावे, त्यांचे आयुर्मान जास्त नव्हे तर कमी आढळले.

या अपयशाची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. पहिले कारण वेळेचे. उंदरांत औषध गाठ लहान असताना दिले होते, तर रुग्णांत ते रोग दूरवर पसरल्यानंतर दिले गेले. पटल ओलांडण्याचा क्षण केव्हाच होऊन गेला होता, आणि दरवाजा फोडून झाल्यावर कुलूप बदलण्यासारखे ते झाले. दुसरे कारण निवडीचे. जस्त पकडणारा चिमटा तेवीसही विकरांना कमी-अधिक लागू पडतो, आणि त्यांतली काही विकरे रुग्णाच्या बाजूने लढत असतात. २००३ साली एमएमपी-८ नसलेले उंदीर तयार करण्यात आले, तेव्हा त्यांतील नरांना त्वचेच्या गाठी कमी नव्हे तर जास्त झाल्या, कारण या विकरामुळे न्यूट्रोफिलांचा दाह वेळेवर आटोक्यात राहतो. कोलॅजेन तुटताना निघणारे काही तुकडे, जसे एंडोस्टॅटिन आणि टमस्टॅटिन, नव्या रक्तवाहिन्यांना रोखतात, आणि टमस्टॅटिन मोकळे करण्यात याच एमएमपी-९ चा हात असतो जे दुसरीकडे व्हीईजीएफ मोकळे करते. सगळ्या कात्र्या एकदम काढून घेतल्या की ही बाजूही गेली.

तिसरे कारण मला स्वतःला सर्वांत विचार करायला लावणारे वाटते. विकरे बंद केली की काही कर्करोगपेशी चालच बदलतात. तंतू कापत जाण्याऐवजी त्या अमीबासारख्या गोल होतात आणि जाळीतील असलेल्या फटींतून अंग चोरून निघून जातात. २००३ साली जिवंत पेशींच्या चित्रीकरणात हे स्पष्ट दिसले. गाठीभोवतीची जाळी पुरेशी सैल असेल तर त्यांना एवढे पुरते. त्याहून पुढची गोष्ट २०१९ साली एका सूक्ष्म कृमीत दिसली. त्याच्या वाढीत ‘अँकर सेल’ नावाची एकच पेशी ठरलेल्या वेळी आधारपटल फोडते. संशोधकांनी या पेशीत चालू असलेली मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज जनुके काढून टाकली. पेशीला उशीर झाला, पण ती थांबली नाही. तिने अॅक्टिनचा मोठा रेटा उभा केला, त्याला ऊर्जा पुरवण्यासाठी मायटोकॉन्ड्रिया त्या जागी गोळा केले, आणि पटल धक्क्याने फोडले. म्हणजे घुसखोरीचे दोन मार्ग आहेत, कापण्याचा आणि रेटण्याचा, आणि एक बंद केला तर दुसरा उरतोच.

नंतर नेमकेपणाने एकाच विकरावर रोख धरणारी प्रतिपिंडे आली. जठराच्या कर्करोगात एमएमपी-९ विरुद्धचे अँडेकॅलिक्सिमॅब केमोथेरपीसोबत देऊन तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, आणि आयुर्मान वाढले नाही. लायसिल ऑक्सिडेज कुटुंबातील एका विकराविरुद्धचे सिमटुझुमॅबही स्वादुपिंड आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगांत उपयोगी ठरले नाही. निवड सुधारली तरी वेळेचा प्रश्न आणि पर्यायी वाटेचा प्रश्न तसाच होता.

यावरून साहजिकच विचारले जाते, की निदान रक्तातील एमएमपी-९ मोजून रोग पसरतो आहे का हे कळेल का. हा सल्ला मी देत नाही, आणि कारण प्रयोगशाळेतच पाहिले आहे. झायमोग्राफी ही या विकरांची जुनी आणि विश्वासू तपासणी आहे. जेलमध्ये जिलॅटिन मिसळतात, त्यातून नमुना विजेच्या साहाय्याने धावू देतात, जेल धुऊन रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात आणि सकाळी निळ्या रंगात बुडवतात. सारी जेल निळी होते, आणि जिथे विकराने जिलॅटिन खाल्ले तिथे स्वच्छ पांढरा पट्टा उमटतो: ९२ किलोडाल्टन या रेणूभाराला एमएमपी-९, ७२ ला एमएमपी-२. एकाच निरोगी व्यक्तीचे रक्त एकाच वेळी दोन नळ्यांत घेतले, एकात गोठू दिले आणि दुसऱ्यात गोठू दिले नाही, तर गोठलेल्या नळीतील ९२ चा पट्टा ठळकपणे जाड येतो, कारण रक्त गोठताना पांढऱ्या पेशी आपला साठा सांडतात. म्हणजे फरक नळीचा आणि आपण त्याला रोगाचा समजणार. शिवाय साधा संसर्ग, जखम किंवा संधिवात असला तरी हे विकर वाढते. आणखी एक खाचखळगा असा, की या पद्धतीत वापरल्या जाणाऱ्या रसायनामुळे म्यानात असलेले निष्क्रिय विकरही जेलमध्ये उलगडून कामाला लागते. पट्टा दिसला म्हणून शरीरात ते जागे होते असे सिद्ध होत नाही. काचपट्टीवर एमएमपी-९ साठी तपकिरी रंग आला तरी तीच अडचण आहे: तो रंग विकर तिथे आहे एवढेच सांगतो, ते कापत आहे का हे सांगत नाही.

या साऱ्या ज्ञानाचा उपयोग रुग्णाला अजिबात झालेला नाही असे मात्र नाही. विकरांना रोखण्याऐवजी त्यांच्याकडूनच काम करून घेण्याची दिशा आता फळू लागली आहे. पेगुलिसियानिन हे द्रव्य स्वतः अंधारे असते, पण कॅथेप्सिन आणि मेटॅलोप्रोटिनेज यांनी त्याचा दुवा कापला की ते चमकू लागते. स्तनातील गाठ काढून झाल्यावर शस्त्रक्रियेच्या पोकळीत काही अवशेष राहिला आहे का हे पाहण्यासाठी त्याच्या वापराला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२४ साली मान्यता दिली. हेच तत्त्व वापरून, गाठीतील विकराने झाकण कापल्यावरच काम सुरू करतील अशी प्रतिपिंडे तयार करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. गाठीच्या कडेला विकरांची वर्दळ सर्वाधिक असते, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला नेमकी तीच कडा दिसायला हवी असते.

आता डॉक्सीसायक्लिन. ते मेटॅलोप्रोटिनेज विकरांना रोखते हे खरे आहे. २० मिलिग्रॅमच्या, म्हणजे जंतू मारण्यास अपुऱ्या मात्रेत, दिवसातून दोनदा देऊन हिरड्यांच्या आजारात ते वापरण्यास १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, ती याच गुणावर. परंतु हिरडीतील दाहात कोलॅजेनचा अतिरिक्त नाश थांबवणे आणि पटल ओलांडून गेलेल्या कर्करोगाला थांबवणे या वेगळ्या बाबी आहेत, आणि मॅरिमास्टॅटसारखे कितीतरी प्रबळ औषध जिथे हरले तिथे हे सौम्य औषध जिंकेल असे मानण्यास आधार नाही. शस्त्रक्रियेनंतर टाके भरत असताना त्वचेच्या पेशींना जखमेच्या कडेवरून सरकण्यासाठी एमएमपी-१ लागते, तेव्हा त्या काळात असा हस्तक्षेप विनाकारण करू नये. शिवाय अन्ननलिकेला व्रण पडणे, उन्हाने त्वचा भाजणे हे या औषधाचे त्रास आहेतच, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्यांसोबत ते नीट शोषले जात नाही. संसर्गासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ते लिहून दिले तर निर्धास्त घ्यावे, हे वेगळे.

अहवाल हातात असताना डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. बाहेर शिरलेल्या भागाचा आकार किती मिलिमीटर आहे आणि तो ‘इन सिटू’ भाग वगळून मोजला आहे का. काढलेल्या ऊतीच्या कडा मोकळ्या आहेत का, आणि कडेशी जवळ असलेला भाग ‘इन सिटू’ आहे की आक्रमक. लसिकावाहिन्यांत किंवा रक्तवाहिन्यांत पेशी दिसल्या का. काखेतील ग्रंथी तपासल्या का. आणि इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व हर-२ या ग्राहींच्या तपासण्या आक्रमक भागावर केल्या आहेत ना. शेवटचा प्रश्न आवर्जून विचारावा, कारण एकाच काचपट्टीवर दोन्ही भाग असतात आणि दोहोंचे गुणधर्म नेहमी सारखे असतातच असे नाही. एमएमपीचा आकडा अहवालात नसेल तर तो राहून गेला असे समजू नये. उपचार ठरवण्यासाठी आज तो लागत नाही.